रांगेतला दगड

९ सप्टेंबर, मंगळवार

डावा गुडघा बदलून आज सतरावा दिवस. डॉक्टर म्हणतो, दीड महिना अंगणाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझं जग किती, तर न्हाणीघर, जेवणाचं मेज आणि बाल्कांवातली, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरची, ही खुर्ची. वॉकर धरून एकूण एकतीस पावलं. मोजून झाली. चंद्रावतीने पतसंस्थेची फुकट मिळालेली डायरी समोर टाकली आणि म्हणाली, "माझ्यावर करवादण्यापेक्षा ह्यात करवादा." लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली की बायका असं बोलतात.

तर करवादतो. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने मला जीवनगौरव द्यायचं ठरवलंय. संगणकाच्या भाषा आणि रीती ह्या क्षेत्रात मी जे काही केलं त्याबद्दल. पाच ऑक्टोबरला लॅपटॉपसमोर बसून चाळीस मिनिटं बोलायचं आहे, विषय माझीच कारकीर्द. तीस वर्षं उशीर केला, पण केला.

संध्याकाळी सर्वेश आला. ट्रकमालक संघटनेचा सेक्रेटरी, शिवाय मला खुर्चीसकट उचलून व्यायामासाठी साखळीला नेणारी माणसं आणि गाडीही त्याचीच, त्यामुळे त्याच्याशी गोड बोलावं लागतं. म्हणाला, "सर, दसऱ्यानंतर खाण परत सुरू जाता. एकशे ऐंशी गाड्या आसात आणि नंबर कोणी लावायचो म्हणून आतापासूनच झगडी. सगळे म्हणतात, सरांचो प्रोग्रॅम लाव, तेच्यात वशिलो चलना."

तीच तर गंमत आहे. अठ्ठ्याऐंशी साली लिहिलेला, कुठल्या ट्रकने कधी खनिज भरायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, खाणी बंद पडेपर्यंत चालला, आणि अजून आमच्या लाटंबार्से गावात माझा शब्द चालतो तो त्याच्यामुळे. मी हो म्हटलं. कॉफी त्याला दोनदा मिळाली.

११ सप्टेंबर, गुरुवार

भाषणाचा पहिला खर्डा झाला. साखळीच्या शाळेतलं गणित, मुंबईचं एम.एस्सी., भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहिलेला पहिला प्रोग्रॅम, बंगळूरची बारा वर्षं, हे सगळं चार परिच्छेदांत उरकलं. खरी गोष्ट पुढेच आहे.

त्या काळी आम्ही सगळे एकाच प्रश्नाशी डोकं फोडत होतो. एका यंत्रावर शंभर कामं रांगेत उभी. त्यातलं एक काम काही कारणाने बाजूला झालं, तर परत आल्यावर त्याला कुठे उभं करायचं? शेवटी उभं केलं तर अन्याय. जागा रिकामी ठेवली तर यंत्र खोळंबतं. अमेरिकेपासून जपानपर्यंत लोक ह्यावर निबंध लिहीत होते. मी सुट्टीवर घरी आलो आणि खाणीवर चुलतभावाची गाडी बघायला गेलो. तिथे धाकू नावाचा मुकादम ट्रकांचे नंबर लावायचा. अंगठाबहाद्दर. कुणाच्या घरी मरण आलं की दहा दिवस सुतक, गाडी बाहेर काढायची नाही. मग धाकू काय करायचा, एक दगड घ्यायचा, चुन्याने त्यावर गाडीचा नंबर लिहवून घ्यायचा आणि रांगेत गाडीच्या जागी ठेवायचा. रांग सरकली की दगड सरकवायचा. दगडाचा नंबर आला की ओरडायचा, "सुतक, फुडलो". अकराव्या दिवशी गाडी आली की दगड उचलून गाडी तिथेच उभी. कुणाचं काही खोळंबत नाही आणि कुणाची जागा जात नाही.

तिथे धुळीत उभ्याउभ्याच मला उत्तर मिळालं. पुढच्या सात महिन्यांत 'रांग' ही भाषा लिहिली. तिच्यात एक आज्ञा आहे, तिचं नाव 'सुतक'. काम बाजूला ठेव, पण त्याची जागा राख. आज जगभर ती शिकवतात. एका जर्मन पाठ्यपुस्तकात तळटीप आहे की सुतक हे बहुधा एखाद्या भारतीय शास्त्रज्ञाचं आडनाव असावं. आणि तिच्याबरोबर माझा सिद्धान्त: ह्या रांगेत हजर असलेला कोणीही सलग दोनदा डावलला जाणार नाही. त्यावर मला प्राध्यापकी मिळाली, परदेशवाऱ्या मिळाल्या, सगळं मिळालं.

भाषणात एक हशा हवाच, म्हणून सखाराम गवसची गोष्ट घातली. मी ती टोकियोपासून टोरांटोपर्यंत सांगितली आहे. नव्व्याण्णव साली संघटनेच्या सभेत हा ट्रकवाला उभा राहिला आणि म्हणाला, सर, तुमचं यंत्र माझा नंबर खातं. फळ्यावरच्या रोजच्या यादीत माझ्या गाडीपुढे अजून 'सु', म्हणजे सुतक, छापून येतं. मी खडू मागवला आणि दीडशे ट्रकवाल्यांसमोर वीस मिनिटांत सिद्धान्त सिद्ध करून दाखवला. शेवटी म्हटलं, "सखाराम, यंत्र कुणाचं तोंड बघत नाही आणि खोटं बोलत नाही. तुझ्या घरचं सुतक तू बघ." काय टाळ्या पडल्या. सखाराम खाली बसला.

हे मी चंद्रावतीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्याची आई आणि बायको एकाच आठवड्यात गेलेली." आणि सूप उचलून आत गेली.

मला ते आठवत नव्हतं. गोष्टीला त्याची गरजही नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

तनया नावाच्या मुलीची ईमेल आली आहे. मूळची आपल्याकडच्याच नदीकाठच्या चोपड्याची, बंगळूरला पीएच.डी. करते, माझ्याच 'रांग'वर. सुरुवातीला दोन परिच्छेद स्तुती, ती योग्यच आहे. मग लिहिते की तिने माझा मूळ प्रोग्रॅम एका तपासणी करणाऱ्या साधनातून काढला, आणि "सर, एका सुतकात दुसरं सुतक आलं तर दुसऱ्याचा दगड उचलला जात नाही असं दिसतं. हे मुद्दाम आहे का? माझ्या समजण्यात चूक असू शकते."

असू शकते नव्हे, आहेच. पस्तीस वर्षांत मोठमोठ्या लोकांनी तो सिद्धान्त तपासलाय. हल्लीची मुलं स्वतः विचार करत नाहीत, साधनाला विचारतात. उत्तर पाठवलं: मूळ निबंधाचा चौथा भाग पुन्हा वाचावा.

१५ सप्टेंबर, सोमवार

चौथा भाग मी पुन्हा वाचला.

ती बरोबर आहे.

नीट लिहून काढतो, म्हणजे मला तरी कळेल. आपल्याकडे रीत अशी की सुतकात दुसरं सुतक आलं तर दोन्ही पहिल्याबरोबरच फिटतात. मरणं दोन, फेड एक. मी ही रीत लहानपणापासून ऐकलेली, तशीच्या तशी प्रोग्रॅममध्ये उतरवली. प्रत्येक मरणाला एक दगड ठेवला. फेडीच्या दिवशी एक दगड उचलला. दोन ठेवले, एक उचलला. बाहेरच्या माणसाने लिहिलं असतं तर त्याने मोजून दोन उचलले असते. मला मोजायचं सुचलंच नाही, कारण दोन सुतकं एकदमच फिटतात हे मला माहीत होतं.

मग त्या गाडीच्या जागी एक दगड कायमचा राहणार. तिचा नंबर आला की यंत्र म्हणणार, सुतक, पुढचा. पुढच्या फेरीला माझा सिद्धान्त जागा होणार, सलग दोनदा डावलायचं नाही म्हणून गाडी सोडणार. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा दगड. अर्ध्या फेऱ्या गेल्या तरी सिद्धान्त कुठेच मोडत नाही. चूक झाकली ती माझ्या सिद्धान्तानेच.

धाकू दगड ठेवायचा तो गाडीला, मरणाला नव्हे. घरात कितीही माणसं जावोत, एका गाडीला एक दगड. त्याच्याकडे ही चूक होऊच शकत नव्हती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काही केलं नाही. पोदेर पाव देऊन गेला, पोस्टमन आला, तीन ट्रकवाले तब्येत विचारायला आले आणि तास तासभर बसले. उठून जायची सोय नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं, सर, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहोत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सर्वेशकडून संघटनेच्या कारकुनाने ठेवलेली जुन्या सुतकांची वही आणि छापील याद्यांचे गठ्ठे मागवले. 'भाषणासाठी' म्हणालो. खोटं नाही, भाषणासाठीही लागतीलच.

सगळी वर्षं चाळली. सुतकात सुतक एकदाच आलेलं. तीन फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव, सखाराम गवस, आई. नऊ फेब्रुवारी, सखाराम गवस, पत्नी तारा. कारकुनाचं अक्षर सुरेख आहे.

पुढच्या याद्यांत त्याच्या गाडीपुढे एक फेरी सोडून एक 'सु'. आठ वर्षं. दोन हजार सहा साली त्याने गाडी विकली, त्यानंतर नाव नाही. फळ्यावर ही यादी रोज सकाळी लागायची आणि सगळे गर्दी करून वाचायचे. तो मला भेटायला एकदा घरीही आला होता, इथेच, बाल्कांवात. मी कारकुनाला विचार म्हटलं. कारकुनाने त्याला सांगितलं असणार की मी नोंद काढली आहे, पुढचं सरांना विचार.

मला खूप शरम वाटते आहे. 

२० सप्टेंबर, शनिवार

चूक दुरुस्त केली. एक ओळ. चाळीस वेळा तपासली. आता पुढे कुणावर हे येणार नाही, आणि एका अर्थाने प्रश्न मिटला.

तरीही प्रामाणिकपणा म्हणून व्यायामाला जाताना गाडीत सर्वेशला सांगितलं. नाव नाही घेतलं, एका माणसाचं काही वर्षं थोडं मागेपुढे झालं एवढंच. त्याने गाडी बाजूला घेतली.

"सर, हें तुमी आणि कोणाक सांगिल्लें?"

"नाही."

"सांगू नाकात. एक चूक म्हटलात की दुसरी सोधपाक पन्नास जाण येतले. प्रत्येकाक दिसतलें, आपणालीय ट्रिप खाल्ली. मागीर नंबर लावतलो कोण? भायलो कंत्राटदार. लोकांचो विश्वास त्या प्रोग्रॅमाचेर ना सर, तुमचेर आसा." मग थोडं थांबून म्हणाला, "दसऱ्याक तुमचो सत्कार ठरलाय. शाल हाडलीसुद्धा."

त्याचं चुकीचं नाही. एकशे ऐंशी घरांचा प्रश्न आहे. माझ्या मनाच्या समाधानासाठी एवढ्या लोकांना आपसात भांडायला लावणं हा स्वार्थच झाला असता. हे पटल्यावर बरं वाटलं. व्यायाम करवून घेणारी पोरगी म्हणाली, गुडघा मात्र आज वाकतच नाहीये.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आमच्याकडे म्हाळ. भटजी आले, पानं वाढली, मला खुर्चीवर बसूनच करायची सूट मिळाली. मी काही देवभोळा माणूस नाही, पण बापाच्या नावाने पाणी सोडताना हात नेहमीच हळू होतो.

चंद्रावतीने एक पान जास्त वाढून झाकून ठेवलं. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, "एका बाईसाठी. दरवर्षी ठेवते." इतकी वर्षं मी ह्या घरात जेवतोय, मला कधी दिसलं नाही. बायकांचं काहीतरी असेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तनयाचा फोन. आवाज कोवळा आहे, बोलणं नाही. म्हणाली, "सर, तुम्ही चौथा भाग वाचायला सांगितलात, मी वाचला. माझा प्रश्न तसाच आहे."

मी म्हटलं, चूक आहे. दुरुस्त केली आहे.

"मी प्रबंधात लिहू?"

"लिही की."

"प्रत्यक्षात कधी कुणाच्या बाबतीत घडलं होतं का सर? नसेल तर मी 'केवळ सैद्धान्तिक शक्यता' असं लिहीन."

मी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "माझे बाबा चोपड्याला होडी चालवतात. तिथेसुद्धा नंबर असतात. एकदा दोन महिने त्यांचा नंबर कुणीतरी खाल्ला होता. बाबा घरी येऊन आमच्याशी बोलायचे नाहीत. म्हणून विचारलं."

मी म्हटलं, बघून सांगतो. याद्यांचा गठ्ठा मांडीवरच होता.

ह्या पोरीने मला कोंडीत पकडलं आहे आणि तिला ते माहीतही नाही. लिही म्हणावं तर गावात आज ना उद्या पोचणार. सैद्धान्तिक म्हणावं तर तिच्या प्रबंधात माझं खोटं छापलं जाणार. सखारामला आधी सांगावं तर तो राहतो दोडामार्गच्या बाजूला, जायला गाडी सर्वेशची. आणि त्याला सांगून होणार काय? माणूस विसरला असेल. सत्तरीचा असेल. उगाच जुनं उकरायचं.

भाषणातून त्याची गोष्ट काढली. मग पुन्हा घातली. मग काढली.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज जेवताना मी चंद्रावतीला सगळं सांगितलं. दगड, फेड, याद्या, सर्वेश, तनया. वीसेक मिनिटं बोललो. ती आमटीत भात कालवत होती.

म्हणाली, "मला यंत्रातलं कळत नाही. पण सखाराम खोटं बोलणारा नव्हता, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, गणितात तू पडू नको."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"गप्प कुठे बसले? मी जाते त्यांच्याकडे. आमसुलं आणते ना दरवर्षी, ती कुठून येतात वाटतं तुम्हाला? त्याच्या मनीषाच्या लग्नात पोरीची ओटी कुणी भरायची म्हणून मी गेले. तिची आई नव्हती."

 म्हटलं, जायला हवं, पण गाडी सर्वेशची, डॉक्टरने पायऱ्या उतरू नका म्हटलंय.

"उद्या साडेआठची बस आहे," ती म्हणाली. "पायऱ्या अकरा आहेत. मी धरीन."

२८ सप्टेंबर, रविवार

पायऱ्या उतरताना दोनदा वाटलं परत फिरावं. बसच्या कंडक्टरने मला बगलेत धरून वर घेतलं आणि वॉकर पोत्यांवर ठेवला. राज्याची हद्द ओलांडून पाऊण तासात पोचलो.

सखारामचं घर काजूच्या बागेत आहे. शेजारीच भावाचं घर. नवरात्राचा घट भावाकडे बसवलेला, आरतीचा आवाज येत होता, आणि हा आपला स्वतःच्या पडवीत एकटा कोयत्याला धार लावत बसला होता. मला वाटलं, भावाभावांत काही असेल. मला बघून तो उठला. केस पांढरे झालेत, हात तसेच मोठे.

"सर? आणि ह्या पायान?"

त्याची मुलगी मनीषा सासरहून सणाला आलेली. ती चंद्रावतीला "काकी" म्हणून बिलगली. मला तिने पाणी दिलं, बोलली नाही.

मी सुरुवात केली. रांग म्हणजे काय, जागा राखणं म्हणजे काय, सिद्धान्ताची अट काय. सखाराम मान हलवत होता. चंद्रावती म्हणाली, "अहो, त्याला चूक सांगा."

मग सांगितलं. तुझं सुतक दहा दिवसांत फिटलं होतं. फळ्यावर येत होतं ते खोटं होतं. यंत्राची चूक नव्हे, लिहिणाऱ्याची, माझी. तू सभेत बोललास ते सगळं खरं होतं.

त्याने कोयत्याची धार अंगठ्याने तपासली. मग म्हणाला, "म्हणजे सर, फळ्यार जां येय होतां, तां तसां नव्हतांच?"

"नव्हतंच."

"तुमीच म्हणाललास, यंत्र खोटा बोलणा नाय."

"म्हणालो होतो."

मी म्हटलं, तुझ्या ज्या फेऱ्या गेल्या त्यांचं काहीतरी करायला संघटनेला सांगतो. तो एकदम वैतागला. "ट्रिपांचा काय पडलेला नाय माका. ट्रिपा गेल्यो त्यो गेल्यो." त्याने कोयता खाली ठेवला. "आयेचां आणि ताराचां कार्य मी एकाच दिवशी केलंय. म्हाताऱ्यांनी तेव्हाच म्हटल्यानी, बायलेचां येगळां कर. मी आयकलंय नाय. आणि मगे फळ्यार सु. परत सु. कारकून म्हणता मी काढलंय, तुमी म्हणतास यंत्र खोटा बोलणा नाय. मग मी काय समजाचां? मी समजलंय, माझांच काय तरी चुकलां. तारा सुटाक नाय."



त्याने तिचं सगळं पुन्हा केलं. एकदा नाही, तीनदा. भटजी म्हणायचे, गरज नाही. हा फळ्याकडे बोट दाखवायचा. मग त्याने करणं सोडलं आणि स्वतःच बाजूला झाला. सत्तावीस वर्षं घटाला हात नाही, गणपती भावाने आणायचा, कुणाच्या बारशाला नाही, मुंजीला नाही. कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं. त्याने स्वतःला काढलं, माझ्या कागदावरून.

"मनीषाच्या लग्नात कन्यादान भावान केल्यान," तो म्हणाला. "मी मांडवाभायर गाडयेत बसान होतंय. काच वर करून."

मनीषा दारात उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "सर, लग्नाचो आल्बम दाखवू? बापूस एका फोटोत नाय."

 मी मान खाली घातली. मला रडू आलं, डोळे मी पुसले नाहीत.

थोड्या वेळाने सखारामने विचारलं, "मगे सर, तारा कधी सुटली?"

मी ह्यातलं काहीच मानत नाही. तरी म्हटलं, "तेरा फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव. आईबरोबरच." त्याने ती तारीख दोनदा ओठांतल्या ओठांत म्हटली.

मी म्हटलं, हे लिहून देतो, सही करून देतो. तो नको म्हणाला. "घरात कागद ठेवन काय करू? जां फळ्यार लागलां, तां फळ्यारच सुटाक होयां. सगळ्यांसमोर सांगा."

बसमध्ये चंद्रावतीने विचारलं, सांगणार का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बघू." झाकलेलं पान कुणाचं होतं ते मला तेव्हा कळलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

तनयाला कळवलं: सैद्धान्तिक नाही, एका माणसाच्या बाबतीत आठ वर्षं घडलं, नाव त्याला विचारून देईन. संस्थेला कळवलं की भाषणात मी माझी चूक सांगणार आहे, तरी सन्मान द्यायचा की नाही ते ठरवावं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं, फारच भारावलेलं. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे वगैरे. वाचून मी लॅपटॉप मिटला.

सर्वेश येऊन गेला. आधी विनवलं, मग चिडला, मग म्हणाला, "बरें, सांगा. पण कशें सांगचें तें म्हजेर सोडा." त्याचा अर्थ मला कळला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

खाणीच्या फाट्यावर मांडव. एकशे ऐंशी गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या. मला खुर्चीत बसवून स्टेजवर चढवलं, चौघांनी. सखाराम आला होता, मनीषा सोबत. मागे, शेवटच्या गाडीपाशी दोघं उभी होती.

मी माईक घेतला. खडूफळा मागितला नाही. सरळ सांगितलं. नाव घेतलं, तारखा सांगितल्या, नव्व्याण्णवच्या सभेत मी काय बोललो ते शब्दशः सांगितलं. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांच्यातले कितीतरी समोर होते. सखारामचं सुतक तेरा फेब्रुवारीला फिटलं होतं, म्हणालो, आणि त्यानंतर फळ्यावर जे लागलं तो त्याच्यावर माझ्या हातून झालेला अन्याय होता. कुणी टाळी वाजवली नाही. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सर्वेशने माईक घेतला. "बघा," म्हणाला, "एवडो व्हड शास्त्रज्ञ, पण चूक सोताच्या तोंडान सांगता. असल्या मनशाच्या प्रोग्रॅमाचेर विश्वास दवरचो ना तर कोणाचेर दवरचो?"

आणि टाळ्या. नव्व्याण्णवपेक्षा जास्त. लोक उभे राहिले. एकाने येऊन माझे पाय धरले, तोच बदललेला गुडघा. शाल अंगावर पडली. मी हात वर करून नको नको म्हणत होतो, त्यांना वाटलं मी नमस्कार करतोय.

मग सर्वेशलाच सुचलं. मोठ्याने म्हणाला, आज पहिल्या गाडीवर नारळ सखारामभाऊंनी वाढवायचा. त्यात तरी त्याचं मन साफ होतं. लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी सखारामच्या हातात नारळ दिला. मनीषाने मोबाइल काढला, फोटोसाठी. तो पहिल्या गाडीच्या चाकापाशी आला, समोर दगड ठेवलेला होता. त्याने नारळ वर उचलला.

उचललेला हात तसाच राहिला. सगळे थांबले. एक बाई म्हणाली, वाढव रे. त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे, काहीतरी विचारायचं राहिलंय तसं. मी जोराने मान हलवली. हो, हो. फिटलंय. मी सिद्ध केलंय.

त्याने हात खाली घेतला आणि नारळ शेजारच्या माणसाला दिला.

"तूच वाढय," तो म्हणाला. "सर सांगतत तां खरां असतला. पण माझ्या हातान होणा नाय."